पिंप पाहून पब निवडा

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या बर्कशरच्या टेकड्यांवरच्या पायवाटांबद्दल लिहिलं होतं. त्यात दुपारी एका खेड्यातल्या पबमध्ये अर्धा पाइंट एल, म्हणजे इथली पारंपरिक बीअर, घेऊन गरम पाव खाल्ला, असं एकच वाक्य होतं. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या वाक्यावर! म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे पबना दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची साताऱ्याची, १९८६ पासून रेडिंगजवळ राहते आणि निवृत्त होईपर्यंत इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचं काम करत होते. एलमधलं यीस्ट माझ्या जिव्हाळ्याचं, त्यामुळे एक-दोन उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. जूनमध्ये तीन आठवडे मुलीकडे स्लाउला येतोय. लंडन दोनदा पाहून झालं. आता खेड्यातले जुने पब पाहायचे आहेत. एक चांगली यादी द्याल का? (पुण्याहून एक दांपत्य)

यादी मुद्दामच देत नाही. तीन आठवडे, तीन पब. प्रत्येकाला पूर्ण दिवस द्या.

पहिला तुमच्या सर्वांत जवळचा, ऑल्डवर्थ गावचा बेल इन. रेडिंगला गाडी बदलून गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनवर उतरायचं, थेम्सचा पूल ओलांडायचा आणि पाचेक किलोमीटर चढाच्या वाटेने चालायचं. हे चालणं टाळू नका. भूक लागल्याशिवाय त्या पबची खरी किंमत कळत नाही. अडीचशे वर्षांहून जास्त काळ हा पब एकाच घराण्याकडे आहे. आत गेल्यावर बार शोधाल तर सापडणार नाही, कारण तो नाहीच. आपल्याकडे जुन्या एस.टी. स्टँडवर तिकिटाची खिडकी असायची, तशी भिंतीत एक छोटी खिडकी आहे. तिच्यापलीकडे उभं राहून घरचीच माणसं एल देतात. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. खायला काय, तर कडक कवचाचे गरम पाव, आत चीज, हॅम वगैरे भरलेले. बस्स. एवढ्या साध्या पबला एल जपणाऱ्यांच्या ‘कॅमरा’ या संघटनेने १९९० मध्ये देशातला सर्वोत्तम पब ठरवलं आणि पुन्हा २०१९ मध्येही. मधल्या काळात इंग्लंडमधले कितीतरी पब रेस्टॉरंटसारखे झाले, या पबने मात्र काही बदललं नाही. मी तिथे किती वेळा गेले त्याची मोजदाद नाही. आमचे हे दारूला स्पर्श करत नाहीत, ते आल्याची बिनदारूची जिंजर बीअर घेऊन त्या घड्याळाखालच्या बाकावर बसतात, आणि परतताना दरवेळी म्हणतात, पुढच्या रविवारी परत येऊ.

पाव खाऊन झाला की गावच्या चर्चमध्ये जा. तिथे चौदाव्या शतकातल्या सरदार घराण्याचे नऊ दगडी पुतळे आहेत, माणसापेक्षा मोठे. गावकरी त्यांना राक्षस म्हणतात.

दुसरा पब लांब आहे, एक रात्र मुक्काम ठेवा. डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्राव्हर्स गावचा स्क्वेअर अँड कंपास. नाव पाथरवटांच्या हत्यारांवरून पडलंय, गुण्या आणि कंपास. हा सगळा परिसर पर्बेक दगडाच्या खाणींचा, आणि पबचे बाहेरचे बाक-टेबलंही त्याच दगडाचे. बसल्या जागेवरून समोर समुद्र दिसतो. १९०७ पासून एकच कुटुंब चालवतंय. इथेही खिडकीतूनच एल मिळते, शिवाय सफरचंदाची घरची सायडर. खायला पेस्टी, म्हणजे आपल्या करंजीसारखी पण तळहाताहून मोठी, भट्टीत भाजलेली. आतल्या एका खोलीत या कुटुंबाने किनाऱ्यावर गोळा केलेल्या जीवाश्मांचं छोटं संग्रहालय आहे. ते बघितल्याशिवाय निघू नका.

आणि माझ्यासाठी एक करा. गावच्या चर्चच्या आवारात बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याची कबर आहे, तिच्यापुढे क्षणभर थांबा. १७७४ मध्ये देवीची साथ आली तेव्हा या माणसाने आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गायीच्या देवीचा द्रव सुईने टोचला. देवीच्या लशीचा जनक मानला जाणाऱ्या एडवर्ड जेन्नरने तो प्रयोग केला १७९६ मध्ये, बावीस वर्षांनी. जेस्टीच्या गावकऱ्यांनी त्याला शिव्याशाप दिले, पण तिघंही जगले. पुढे ही लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईला पोचली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात देवीची लस घेतलेलं ते पहिलं माणूस. माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचा वण होता. त्या कबरीजवळ मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला तो वण आठवला आणि डोळे भरून आले. पबच्या सदरात हे कशाला, असं वाटेल. पण खेड्यातल्या पबला जायचं ते त्या खेड्यासाठीच, नाहीतर एल काय, शहरातही मिळते.

तिसरा, वुस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावचा फ्लीस इन. तुम्ही जूनमध्ये येताय म्हणून हा खास सांगते, आणि पहिल्याच आठवड्यात जा म्हणते. ईव्हशमच्या खोऱ्यातला हा भाग शतावरीच्या कुळातल्या ॲस्परॅगससाठी प्रसिद्ध आहे. त्याचा हंगाम एप्रिलच्या २३ तारखेला सुरू झाला असं मानतात आणि २१ जूनच्या सुमाराला तो संपतो. सकाळी शेतातून कापलेले कोंब दुपारी लोणी घालून ताटात येतात. पब म्हणजे मुळात पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर. १८४८ मध्ये त्याच घराण्यातल्या एकाने तिथे पब उघडला आणि त्याच वंशातल्या लोला टॅपलिन यांनी १९७७ मध्ये मरताना तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकला. घर होतं तसं ठेवायचं, ही त्यांची इच्छा. २००४ मध्ये छपराला आग लागली, पण पुन्हा मन लावून बांधला. चुलीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली दिसतील. धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून ती काढायची जुनी रीत. माझ्या आईने उंबरठ्यावर रांगोळी काढल्याशिवाय कधी दिवस सुरू केला नाही, त्यामुळे मला त्या वर्तुळांचं आश्चर्य वाटलं नाही. ओळखीचीच वाटली.

प्रश्न : इंग्लंडमध्ये बीअर कोमट देतात हे खरं का? चिल्ड मागितली तर चालेल का? (कोल्हापूरहून एक वाचक)

कोमट देत नाहीत. खेड्यातल्या पबमधली खरी एल तळघराच्या तापमानाला येते, ११ ते १३ अंश सेल्सिअस. साताऱ्याला डिसेंबरात पहाटे माठातलं पाणी जेवढं गार लागतं, साधारण तेवढी. याहून थंड केली तर माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची, गोडी आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा जिभेला लागतच नाही. चिल्ड हवी असेल तर लागर मागा, म्हणजे आपल्याकडे मिळते तसली थंड, फिकट बीअर. ती बहुतेक पबमध्ये असते. पण एवढ्या लांब येऊन ती पिऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती.

कारण एल जिवंत असते. कारखान्यातून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट काम करत असतं. ती गाळलेली नसते, पाश्चराइझ केलेली नसते. पबच्या तळघरात पिंप आडवं ठेवतात. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्या रंध्रांतून जादा वायू हळूहळू निघून जातो. तो पुरेसा गेला की कडक लाकडाची खुंटी बसवायची. समोरच्या बुचात तोटी. मग गाळ खाली बसेपर्यंत एक-दोन दिवस कोणी पिंपाला धक्काही लावायचा नाही. हे सगळं करणारा माणूस रोज तळघरात उतरतो, वास घेतो, उजेडासमोर ग्लास धरून नितळ झाली का पाहतो. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत पेट्री डिशा सांभाळल्या. एका पबच्या मालकाने मला पहिल्यांदा तळघर दाखवलं तेव्हा मला परक्या जागी आल्यासारखं वाटलंच नाही. तीच स्वच्छता, तीच थंडी, तीच वाट पाहण्याची सवय.

पहिला ग्लास काढला की तेवढी हवा पिंपात शिरते, आणि तिथून तीनेक दिवसांत पिंप संपायला हवं. नाहीतर एल आंबते. पहाटेची नीरा उन्हं चढेपर्यंत काय होते हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तसंच हे, फक्त जरा सावकाश.

आता यातून पब निवडायची युक्ती निघते. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं असतं, म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. तीन दिवसांत संपवायचं तर दिवसाला २४ पाइंट खपायला हवेत, तेही एकाच पंपावर, म्हणजे एका पिंपातून एल वर ओढणाऱ्या एका दांड्यावर. एखाद्या दोनशे वस्तीच्या गावात पबमध्ये आठ पंप मांडलेले दिसले, तर दिवसाला १९० च्या वर पाइंट पितंय कोण? त्यातली निम्मी एल शिळी असणार. लहान गावात दोन किंवा तीन पंप, हे चांगल्या पबचं लक्षण. लोक काळ्या तुळया, गवती छप्पर, भिंतीवरची पितळी नाणी बघून भुलतात. तुळया चारशे वर्षांच्या असतील हो, पण एल कालची हवी. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पिंप पाहून पब निवडा.

पंप म्हणजे बारवरचा तो लांब दांडा. तो पुढे ओढला की तळघरातली एल वर येते, वायूचा दाब लागत नाही. जोसेफ ब्रॅमा या कारागिराने १७९७ मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं, आणि आजचा पंप फार वेगळा नाही. उत्तरेला, म्हणजे यॉर्कशर वगैरे भागात, पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावतात, त्यामुळे वर सायीसारखा फेस येतो. दक्षिणेला टोपी लावत नाहीत, ग्लास जवळजवळ सपाट दिसतो. दोन्हीकडच्या माणसांना आपलीच पद्धत बरोबर वाटते. मला दक्षिणेची आवडते, कारण मी तिथे शिकले.

साठ-सत्तरच्या दशकात हे सगळं नाहीसं होऊ लागलं होतं. मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, वायू भरलेली बीअर सगळीकडे बसवली. ती टिकायची, सांभाळावी लागायची नाही. १९७१ मध्ये सुट्टीवर गेलेल्या चार मित्रांनी याविरुद्ध संघटना काढली, तीच पुढे ‘कॅमरा’ झाली. १९७४ पासून त्यांचा ‘गुड बीअर गाइड’ दरवर्षी निघतो. त्यातले पब सदस्य स्वतः जाऊन, पिऊन ठरवतात. मोबाइलवरच्या ताऱ्यांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे.

एक काळजीची गोष्ट सांगून हे उत्तर संपवते. बिटर या रोजच्या इंग्लिश एलमध्ये मद्यार्क चार टक्क्यांच्या आसपास असतो, आपल्याकडच्या स्ट्राँग बीअरच्या निम्मी. म्हणून लोक तीन-तीन पाइंट सहज पितात, आणि पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पाहुण्यांना अंदाज राहत नाही. अर्धा पाइंट मागण्यात काहीही कमीपणा नाही, मी आयुष्यभर तोच मागत आले. आणि गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये. खेड्यातले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, वळणापलीकडे घोडा आहे की सायकल हे कळत नाही.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी. नवऱ्याच्या हौसेपायी पबमध्ये बसावं लागेलच. मला तिथे खायला काय मिळेल? (जळगावहून एक वाचक)

मिळेल, पण काही गोष्टी आधी माहीत असू द्या. त्या कोणी सांगत नाही आणि नंतर मनस्ताप होतो.

चिप्स आधी, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप. यॉर्कशर आणि आसपासच्या भागात अनेक ठिकाणी मासे आणि चिप्स गायीच्या चरबीत तळतात. ही त्यांची जुनी पद्धत आहे, लपवलेली नाही. विचारलं की स्वच्छ सांगतात. तेव्हा ‘तेल कोणतं?’ हा प्रश्न दर ठिकाणी विचारा. रविवारच्या रोस्टबरोबर, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाबरोबर, येणारी तपकिरी ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते, शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते. यॉर्कशर पुडिंग दिसायला पुरीसारखं फुगलेलं असतं, पण त्यात अंडं असतं. भाजलेले बटाटेही कधी कधी बदकाच्या चरबीत करतात. ‘पाय’ (pie) म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, त्याच्या वरच्या पारीत सूएट असेल तर तीसुद्धा चरबीच. चीजमध्ये दूध घट्ट करायला घातलेलं रेनेट प्राण्याचं की वनस्पतिजन्य, हे पाहणाऱ्यांनी वेष्टनावरचं शाकाहारी चिन्ह विचारावं.

एवढं टाळून काय राहतं? माझं सर्वांत आवडतं, प्लाउमन्स लंच. जाड पाव, चेडर किंवा स्टिल्टन चीजचा मोठा तुकडा, व्हिनेगरमधले छोटे कांदे, सफरचंद आणि गोड-आंबट काळसर लोणचं. शेतकऱ्याची पाव-चीज-कांद्याची शिदोरी जुनीच, नाव मात्र अलीकडचं. १९५४ मध्ये चीजवरचं रेशनिंग संपलं, त्यानंतर चीजचा खप वाढावा म्हणून चीजवाल्यांनी पबमधून या नावाचा प्रचार केला आणि साठच्या दशकात दूध महामंडळाने तो देशभर नेला. मला त्यात फसवणूक वाटत नाही. ताट चांगलं आहे म्हणूनच नाव टिकलं. आमच्या माणच्या शेतात आजोबा भाकरी, कांदा आणि ठेचा घेऊन बसायचे. प्लाउमन्स समोर आलं की मला ते दिसतात. त्यात ठेचा नसतो, तेवढी उणीव मी पिशवीतून नेलेल्या डबीने भरून काढते. आजवर कुठल्याही पबवाल्याने हरकत घेतली नाही, उलट एकाने चव मागितली.

याशिवाय लीक-बटाट्याचं सूप, मश्रूमचा ‘पाय’, रोस्टच्या जागी नट रोस्ट, आणि शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग. यात खजूर असतो, अंडंही असतं.

आता एलबद्दलही. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या वायुपिशवीपासून करतात. ते गाळाबरोबर खाली बसतं हे खरं, पण कडक शाकाहारी माणसाला हे माहीत असायलाच हवं. हल्ली बरेच एलवाले ते घालत नाहीत. अशी एल किंचित गढूळ दिसते. बारवर विचारा, हा प्रश्न त्यांना नवा नाही.

आणि जेवणाची वेळ पाळा. एकदा आम्ही दोघं पावसात बारा किलोमीटर चालून एका पबमध्ये दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. स्वयंपाकघर दोनला बंद झालं होतं. वेफर्सच्या पाकिटावर परतलो. तेव्हापासून मी सकाळी फोन केल्याशिवाय निघत नाही. रविवारचं टेबल तर आठवडा आधी सांगून ठेवा.

प्रश्न : टेबलाशी कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही असं ऐकलं. मग करायचं काय, आणि टीप किती? (ठाण्याहून एक वाचक)

बारपाशी जा, उभे राहा, नजरेला नजर मिळाली की मान हलवा. रांग दिसत नाही, पण तुमच्या आधी कोण आलं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. तुम्हाला आधी विचारलं आणि शेजारचा आधीचा असेल, तर तसं सांगा. एवढ्याने त्या गावात तुम्ही पाहुणे राहत नाही. नोटा हलवू नका, हाक मारू नका. कोणती एल घ्यावी कळत नसेल तर घोटभर चव मागा, छोट्या ग्लासात देतात. पैसे तिथेच द्यायचे. टीप लागत नाही. वाटलंच तर ‘तुमच्यासाठीही एक घ्या’ म्हणावं. चार जणांत गेलात तर एकेकाने पाळीने सगळ्यांसाठी आणायचं, आणि आपली पाळी चुकवायची नाही.

एल आंबट, व्हिनेगरसारखी लागली तर परत करा. मी एकदा भीत भीत केली होती. बाईंनी स्वतः घोट घेतला, माफी मागितली, नवा ग्लास दिला आणि पंपावर पालथा ग्लास ठेवून तो बंद केला. चांगला पब असाच ओळखतात.

प्रश्न : मी आणि सासूबाई दोघीच फिरणार आहोत. आम्ही पीत नाही. खेड्यातल्या पबमध्ये दोन बायका जाऊन बसल्या तर वाईट दिसेल का? (नागपूरहून एक वाचक)

अजिबात नाही. मुलाबाळांसकट, आजीआजोबांसकट, कुत्र्यासकट लोक येतात. चहा-कॉफी बहुतेक ठिकाणी मिळते, लाइम-सोडा सगळीकडे. पण तुमचा संकोच मी समजू शकते. १९८७ मध्ये प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कोपऱ्यात बसले होते. आपल्याकडे दारूच्या गुत्त्याचं जे चित्र मनात असतं, तेच मी घेऊन गेले होते. तिथे एक आजी लोकर विणत होत्या. दोन शेतकरी कुठल्याशा मेंढीच्या बाळंतपणाबद्दल बोलत होते.

अर्थात हे पूर्वीपासून असं नव्हतं. बायकांनी बारशी उभं राहून पेय मागितलं तर नाकारायची सोय १९८२ पर्यंत होती. लंडनमधल्या एका वाइन बारविरुद्ध दोन बायका कोर्टात गेल्या आणि त्या वर्षी अपील कोर्टाने ती पद्धत बेकायदा ठरवली. मी पहिल्यांदा पबमध्ये गेले ते त्यानंतर पाचच वर्षांनी. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. आता बारशी उभी राहते तेव्हा त्या दोघींची आठवण ठेवते.

सासूबाईंना चुलीजवळची जागा द्या. २००७ पासून आत धूम्रपान बंद आहे, धुराचा त्रास होणार नाही.

प्रश्न : इंडिया पेल एल खास मुंबईसाठी बनवत होते का? (गिरगावहून एक वाचक)

मुंबई, मद्रास, कलकत्ता, सगळीकडेच येत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याची फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून निघायची. आफ्रिकेला वळसा घालून पोचायला चार-सहा महिने लागायचे, आणि भरपूर हॉप्स घातलेली एल वाटेत बिघडण्याऐवजी मुरायची. १८२० च्या दशकात बर्टन ऑन ट्रेंट गावच्या कारखानदारांनी हा धंदा हातात घेतला. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम आहे, त्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उठतो. पण ती हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही गोष्ट रंगवलेली आहे. फिकट एल आधीपासून होती. आणि ती साहेब लोक प्यायचे, साध्या सोल्जरसाठी पोर्टर नावाची काळी बीअर यायची.

प्रश्न : मी लीड्सला शिकतो. मित्रांबरोबर एका दिवसात जाण्यासारखा, कायम लक्षात राहील असा पब? (नाशिकचा एक विद्यार्थी)

टॅन हिल इन. समुद्रसपाटीपासून ५२८ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. आजूबाजूला गाव नाही, फक्त माळ, वारा आणि मेंढ्या. केल्ड गावापासून पेनाइन वे या पायवाटेने साधारण सहा-सात किलोमीटर चालत जा. नोव्हेंबर २०२१ मध्ये वादळात बर्फ पडून ६१ जण तीन रात्री तिथेच अडकले. त्या रात्री गाणी म्हणायला आलेला बँडही त्यांच्यातच होता. निघण्याआधी हवामान बघा आणि उबदार कपडे घ्या. तिथला वारा जूनमध्येही बोचतो.

प्रश्न : खेड्यातले पब भराभर बंद पडतायत असं वाचलं. मग आम्ही येईपर्यंत काही उरेल का? (रत्नागिरीहून एक वाचक)

बंद पडतायत, आणि मला त्याचं फार दुःख होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगा पब काही वर्षांपूर्वी बंद झाला. आता तिथे राहती घरं आहेत. त्यानंतर शेजारची दोन म्हातारी माणसं आठवड्यातून एकदाही घराबाहेर दिसेनाशी झाली.

पण काही गावं स्वस्थ बसली नाहीत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावकऱ्यांनी २००३ मध्ये वर्गणी काढून आपला ओल्ड क्राउन पब विकत घेतला. सहकारी मालकीचा हा ब्रिटनमधला पहिला पब. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा हे सगळं घरचंच वाटतं. २०१८ मध्ये सफकमधल्या लॅक्सफील्डच्या लोकांनीही असाच किंग्ज हेड वाचवला. त्या पबमध्येही बार नाही. मागच्या खोलीत पिंपं मांडलेली आहेत, तिथे जाऊन थेट तोटीखाली ग्लास भरून घ्यायचा. उंच पाठीच्या लाकडी बाकांवर बसून मी तिथे पाऊस थांबायची वाट पाहिली होती. २०११ च्या कायद्याने गावाला आपला पब महत्त्वाचा म्हणून नोंदवता येतो. मग मालकाने विकायला काढला तर गावकऱ्यांना पैसे जमवायला सहा महिने मिळतात. तुम्ही याल तेव्हा अशाच एखाद्या पबमध्ये जेवा. तुमचे पैसे गावातच राहतील.

प्रश्न : आम्हाला सुट्टी फक्त नोव्हेंबरात मिळते. त्या थंडीत येण्यात अर्थ आहे का? (औरंगाबादहून एक वाचक)

माझ्या मते तोच पबचा खरा मोसम. चारला अंधार पडतो, बाहेर धुकं असतं, आत चूल पेटलेली असते. डेव्हनमध्ये डार्टमूरच्या माळावर वॉरन हाउस इन आहे, ४३४ मीटर उंचीवर. १८४५ मध्ये रस्त्यापलीकडचा जुना पब सोडून या इमारतीत आले तेव्हा तिथले निखारे फावड्यावरून इकडे आणले, आणि तेव्हापासून चूल विझलेली नाही, असं तिथे सांगतात. कथिलाच्या खाणीतले मजूर तिथे येत. वॉरन म्हणजे सशांची पैदास करायची जागा, त्यामुळे सशाच्या मांसाचा ‘पाय’ (pie) हा तिथला जुना पदार्थ. शाकाहारी असाल तर सूप आणि पाव घेऊन त्या चुलीपाशी बसा. पोस्टब्रिज गावाच्या पुढे तीनेक किलोमीटरवर, रस्त्यालगतच आहे. त्या रस्त्याला कुंपण नाही, डार्टमूरची ठेंगणी घोडी धुक्यातून अचानक समोर येतात. गाडी सावकाश चालवा, आणि अंधार पडायच्या आत पोचा.